किसाची पुडी

"आक्का, बाजूला व्हा!" मी ओरडलो. "इंजिन हलालंय!"

"मला दिसालंय की," हौसाक्का म्हणाली आणि तसूभरही हलली नाही.

लोखंडी घोडीवर बांधलेलं माझं इंजिन अजून निम्म्या वेगालाही पोचलं नव्हतं, तेवढ्यात सगळं गॅरेज थरथरायला लागलं. फळीवरचे पाने आधी नुसते वाजले, मग एकेक करून खाली पडायला लागले. घोडीचे पाय फरशीवर सरकत होते. समोरच्या हत्यारांच्या दुकानाचा मालक भूपाल मगदूम चहाचा ग्लास बाकावर ठेवून मजा बघत उभा होता. तो ग्लास थरथरत बाकाच्या कडेला गेला आणि फुटला, आणि भूपालनं दार गाठलं. अॅक्सिलरेटरची तार माझ्या हातात होती, तरी मीही तार पुरेल तितका मागं सरलो होतो. एकटी हौसाक्का फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या, अगदी रेषेत हाताची घडी घालून उभी होती. चाक फुटलं असतं तर पहिला तुकडा तिच्याच अंगावर आला असता.

मी तार सोडली. इंजिन बंद पडलं.

"आक्का," भूपाल दारातूनच म्हणाला, "परत आला म्हणायचा तुमचा जॉब."

तो हसत म्हणाला, पण हौसाक्का हसली नाही. मला तर त्याच्या तोंडात बोळा कोंबावासा वाटला.

याला पंचवीस-एक वर्षं झाली असतील. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या बोळात हौसाबाई लोहार बॅलन्सिंगचं काम करायची. गरगर फिरणारी कुठलीही वस्तू, मग ती पिठाच्या गिरणीची पुली असो की कारखान्याचा पंखा, एका अंगाला जराशी जड असली की फिरताना थरथरते आणि शेवटी स्वतःला तरी मोडते नाहीतर शेजाऱ्याला. हौसाक्का ती वस्तू मशीनवर फिरवायची, जड अंग हुडकायची आणि तिथं ड्रिलनं चिमूटभर लोखंड काढून ती सारखी करायची. मशीन तिच्या नवऱ्याचं. तो गेला तेव्हा सगळ्या बोळानं मनातल्या मनात मशीनची किंमतसुद्धा करून ठेवली होती. हिनं दिवस उरकले, पदर खोचला आणि मशीनचा पट्टा चढवला. सून कांचन हाताखाली. आमच्याकडच्या बायका बोलतात तसं ती 'मी करतो, मी जातो' असंच बोलायची, आणि तिच्या तोंडी ते फार शोभायचं.

स्वभावानं गरीब वगैरे अजिबात नव्हती. "माझ्याकडनं गेलेला जॉब परत येत न्हाई," हे वाक्य ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, आणि ते खरं होतं म्हणून कुणी तोंड वर करायचं नाही. तिच्या आणखी दोन रीती होत्या. तिनं बॅलन्स केलेली वस्तू पहिल्यांदा सुरू होताना ती स्वतः त्या चाकाच्या रेषेत जाऊन उभी राहायची. आम्ही याला तिचा तोरा समजायचो. दुसरी रीत त्याहून विचित्र. ड्रिल करताना निघालेला लोखंडाचा कीस ती कागदाच्या पुडीत बांधून जॉबबरोबर परत द्यायची. "लोखंड गिऱ्हाइकाचं. त्यातलं काढलेलंबी गिऱ्हाइकाचं," म्हणायची. लोक तिच्यासमोर पुडी खिशात घालायचे आणि कोपऱ्यावरच्या गटारात टाकायचे.

पण त्या वर्षी शिरोलीला नवीन बॅलन्सिंगचं दुकान उघडलं होतं. तिथं पडद्यावर आकडे दिसत. साखर कारखान्याचे मोठे पंखे हंगामाच्या आधी दरवर्षी हौसाक्काकडं यायचे, त्यावर तिचं निम्मं वर्ष निघायचं. कारखान्याचा साहेब शिरोलीला चक्कर मारून आला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. अशा दिवसांत तिचा जॉब परत आला, ही बातमी भूपालच्या तोंडात पडली होती. भूपालच्या तोंडात तीळ भिजत नसे.

दोष कुणाचा म्हणावा, तर इंजिनच मुलखावेगळं होतं. भंगारात आलेली एक जपानी गाडी मी घेतली होती. तिच्यात पिस्टन नाहीत. त्यांच्याऐवजी दोन जाड तिकोनी रोटर एका वाकड्या शाफ्टवर बसून फिरतात. उद्यमनगरात असलं इंजिन कुणी पाहिलं नव्हतं. मला घाटातल्या शर्यतीत ती गाडी पळवायची होती. मी रोटर पोत्यात घालून हौसाक्काकडं नेले तेव्हा तिनं एक हातात घेऊन उलटसुलट केला होता.

"हे सामोसं कुठनं आणलंस रं?"

"इंजिन हाय आक्का. हेच फिरतंय आत."

"काय खुळी मान्सं हाईत जगात," ती म्हणाली होती. पण डोळे मात्र पोरीसारखे चमकले होते.

तिनं दोन्ही रोटर तोलून एकमेकांच्या वजनाला आणले. शाफ्ट फिरवून पाहिला. शाफ्टच्या पुढच्या टोकाला बसणारं अर्धगोल वजन तिनं बाजूला ठेवलं. "ही अर्धी भाकरी मुद्दाम केलीया, दिसतंयच की," म्हणाली. शेवटी फ्लायव्हील चढवलं. ते दिसायला चांगलं गोल, पण मशीनवर घेतलं तर एका अंगाला बेसुमार जड. तिनं उलटं करून पाठ पाहिली. एका बाजूला धातू जाड होता.

"कोअर सरकलाय," ती म्हणाली. कोल्हापुरात फौंड्रीच्या धुरात वाढलेलं कुणीही हेच म्हणालं असतं. ओतकामात साच्यातला वाळूचा गाभा सरकला की वस्तू एका अंगाला जाड होते, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. "जपान्यांचाबी कोअर सरकतो बघ कांचन!" सासू-सुना खूप हसल्या. मीही हसलो. मग तिनं त्या जाड बाजूला भोकं पाडून चाक असं सारखं केलं, की फिरत्या मशीनवर तिनं उभं ठेवलेलं नाणं पडलं नाही. चाकाच्या कडेला आपला ठसा मारला, बारीक फुलाचा. पुडी नेहमीपेक्षा बरीच मोठी झाली होती. मी ती घरी नेली नाही, गटारातही टाकली नाही. गॅरेजच्या खणात टाकली आणि विसरलो.

आणि आता हे असं झालं होतं.

भूपाल गेल्यावर मी खाली पडलेले पाने गोळा करायला लागलो. हौसाक्का चाकाकडं बघत तशीच उभी.

"आक्का," मी म्हणालो, "माझ्या फिटिंगमधी कायतरी राहिलंय. मी सांगतो भूपालला. उद्या सगळ्या बोळाला सांगतो."

"तुला ठावं हाय काय राहिलंय?"

"न्हाई."

"मग कशाच्या जिवावर सांगणार?"

"नवीन इंजिन हाय. कोण विचारतंय? तुमचं नाव तरी..."

"रणधीर," ती म्हणाली, आणि माझं पूर्ण नाव ती क्वचितच घ्यायची, "त्या चाकावर फूल कुणाचं हाय? तुझं का माझं? उतरव सगळं. सकाळी घिऊन ये."

सकाळी मी सगळं तिच्या दुकानात नेलं. तिनं मशीन सुरूच केलं नाही. शाफ्ट दोन आधारांवर आडवा ठेवला, पुढं ते अर्धगोल वजन बसवलं आणि समोर पाटावर बसून राहिली. कांचननं चहा आणला, तो निवला. एक पुलीवाला आला, त्याला तिनं हातानंच बस म्हणून सांगितलं. शाफ्टवर रोटर बसायच्या दोन जागा, एक वर आलेली आणि एक खाली गेलेली. त्या ती बोटानं चाचपत होती.

"पुढचं सामोसं वर असताना मागचं खाली," ती स्वतःशीच बोलली. "म्हंजे वजनाला वजन मिळालं. पण एक पुढं हाय, एक मागं हाय. पुढचं वर वढणार, मागचं खाली वढणार. मग शाफ्ट डुलणार. बाज दोन बाजूंनी दोघांनी हलवल्यावाणी." तिनं शाफ्ट हळूच फिरवला. "म्हणून ही अर्धी भाकरी पुढं दिली. एकाच अंगाला. बरं. आता मला सांग, पुढं ही एका अंगाला जड हाय, तर मागं तिच्या जोडीला कोण हाय?"

मी म्हणालो, "मागं फ्लायव्हील हाय."

बोललो आणि माझं मलाच कळलं. तिला माझ्या आधीच कळलं होतं. तिनं फ्लायव्हील मांडीवर घेतलं, पालथं केलं आणि पाडलेल्या भोकांवरून अंगठा फिरवला.

"कांचन," ती म्हणाली, "कमरंवर घागर घेतलेली बाई कशी चालती गं?"

"दुसऱ्या अंगाला कलून," कांचन म्हणाली.

"ती वाकडी दिसती. पण घागरीसकट बघितलं तर सरळ असती. तिला धरून कुणी सरळ उभी केली तर?"

"घागर पडंल."

"मी तेच केलं," हौसाक्का म्हणाली. "कोअर सरकला नव्हता. कुणीतरी इचार करून हिला कलती ठेवली हुती. मी सरळ केली. मी चुकलो."

दुकानात पुलीवाला बसला होता. तो गडहिंग्लजचा, बडबड्या. हे त्याच्यासमोर बोलायची काही गरज नव्हती. मी डोळ्यांनी खुणावलं, तर ती त्याच्याकडं वळून आणखी मोठ्यानं म्हणाली, "ऐकलंसा न्हवं? ह्याचं चाक मी बिघडवलं. तुमची पुली द्यायची का न्ह्यायची ते तुमी ठरवा."

पुलीवाला गडबडला. बघतो, येतो, असं काहीतरी पुटपुटत पुली उचलून गेला. मला त्या बाईचा राग आला आणि त्याच वेळी तिच्या पाया पडावंसं वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटलं ते आजही नीट सांगता येणार नाही.

"आता काय?" मी विचारलं. "नवीन चाक जपानवरनं कोण आणणार? आणि किती लोखंड गेलं त्याचा हिशेब कुठाय?"

हौसाक्कानं माझ्याकडं असं बघितलं की मी बावळट आहे हे मला लगेच समजलं.

"पुडी कुठाय?"

मी गॅरेजकडं धूम ठोकली. खणात ब्रेकचे जुने तुकडे, वायरी, एक मोडकी बॅटरी, आणि त्याखाली वर्तमानपत्रात बांधलेली पुडी. दोरासुद्धा सुटला नव्हता. देवाच्या अंगाऱ्यासारखी ती ओंजळीत धरून मी परत आलो. आयुष्यात लोखंडाचा कीस मी इतका जपून कधी नेला नव्हता.

तिनं सराफकट्ट्यावरून सोन्याचा काटा मागवला. एका पारड्यात सगळा कीस ओतला, कागद झटकून शेवटचा कणही घेतला. मग प्रत्येक भोकात आटे पाडून त्यात बसणारे पोलादी प्लग लेथवर काढले. ते घासून घासून दुसऱ्या पारड्यात ठेवत गेली, पारडी समान होईपर्यंत. भोकं चाकाच्या सपाट अंगावर होती, त्यामुळं फिरताना प्लग बाहेर उडायला भोकाची भिंत आडवी येत होती. तेवढंच नशीब. प्लग पिळून बसवले, तोंडं ठोकून पक्की केली. चाक पुन्हा कलतं झालं.

आता तिनं एकेक वस्तू वेगळी न बघता सगळी मिळून बघायची ठरवलं. रोटर शाफ्टवर मोकळे फिरतात, म्हणून त्यांच्या जागी त्यांच्या वजनाची कडी शाफ्टवर आवळली. तिथंच ती थांबली.

"रोटर आतनं पोकळ हाय. चालू असताना आत काय असतं?"

"ऑइल. थंड ठेवायला."

"मग त्येचं वजन कुठं धरलंस?"

आम्ही रोटर वेळणीत आडवा धरून त्यात ऑइल भरलं, मग ते ओतून तोललं, आणि तेवढं वजन कड्यांना वाढवलं. सगळा संच मशीनवर चढला. कांचननं पट्टा चढवला. पहिल्या फेरीत जरासं राहिलं होतं, ते तिनं पुढच्या अर्ध्या भाकरीला दोन-चारदा कानस मारून काढलं. मग नाणं उभं ठेवलं. नाणं उभं राहिलं. तिनं हात धुतले आणि मगाचा निवलेला चहा तसाच पिऊन टाकला.

चाकावर पहिलं फूल होतंच. त्याच्या शेजारी तिनं दुसरं मारलं.

"दुसरं कशाला?" मी म्हणालो. "एक हाय की."

"एक बघून उद्या कुणी म्हणंल, एकदाच आल्तं. हे दोनदा आल्तं."

इंजिन पुन्हा घोडीवर चढलं तेव्हा भूपालनं निम्मा बोळ गोळा करून आणला होता. कुणी लांबून बघत होतं, कुणी खांबाआडून. हौसाक्का आली, पदर खोचला आणि चाकाच्या रेषेत जाऊन उभी राहिली. आज मला खरीच भीती वाटत होती. परवा त्या चाकात नुसती भोकं होती, आज त्यात आमचे प्लग होते.

"आक्का, आज नको," मी तिच्या जवळ जाऊन हळू म्हणालो. "एखादा प्लग सुटला तर?"

"सुटला तर पयल्यांदा मला कळंल."

"चेष्टा करू नका. कशाला हा तोरा? चूक झाली, सांगितली, दुरुस्त केली. कुणी काय म्हणत न्हाई तुम्हाला."

तिनं माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच तिच्या आवाजात ठसका नव्हता.

"तोरा न्हवं रं. ड्रिल हातात धरतो तवा ध्यानात असतंय, हितं आपल्यालाच उभं ऱ्हायाचं हाय. म्हणून हात नीट चालतो. आज न्हाई उभा ऱ्हायलो, तर उद्यापासनं हाताला म्हाईत होईल. जा, सुरू कर."

मी जाऊन तार हातात घेतली. इंजिन सुरू झालं. आवाज चढला. परवा जिथं पाने पडायला लागले होते तो टप्पा आला आणि गेला. फळी गप्प होती. मी तार आणखी ओढली. आवाज बारीक होत शिट्टीसारखा चढत गेला, आणि घोडीचे पाय फरशीला चिकटून राहिले. हौसाक्कानं कनवटीचं नाणं काढलं, पुढं होऊन इंजिनाच्या अंगावर उभं ठेवलं आणि परत आपल्या जागी गेली. नाणं उभंच. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते धुरानं आलं असं मी सगळ्यांना सांगितलं.

इंजिन बंद केल्यावर ती गर्दीकडं वळली. "परत आलता. माझ्याकडनं चुकला हुता. आता ऱ्हाईल." एवढंच बोलली. तोलून झाल्यावर पुन्हा बांधलेली किसाची पुडी मी खिशातून काढली, रीतीप्रमाणे ती माझी होती. तिनं ती माझ्याकडून काढून घेतली.

"आता ही माझी. माझं लोखंड तुझ्या चाकात गेलं."

भूपाल घसा खाकरत पुढं आला. "आक्का, माझ्या ग्राइंडरची पुली जरा थरथरालीया," म्हणाला. हौसाक्का म्हणाली, "आधी गिलासाच्या काचा गोळा कर."

शर्यतीत मी तिसरा आलो, ते माझ्या वळणांमुळं. इंजिनाची काही तक्रार नव्हती. कारखान्याचे पंखे मात्र त्या हंगामाला शिरोलीला गेले. हौसाक्काला ते लागलं, पण तिनं कुणाला नावं ठेवली नाहीत. पुढच्या वर्षी पंखे परत आले. शिरोलीत काय झालं ते मला माहीत नाही. साहेब स्वतः ट्रकबरोबर आला होता आणि दारात थबकून वर बघत होता. इतर दुकानांच्या दारावर लिंबू-मिरची टांगतात, तिथं हौसाक्कानं किसाची पुडी टांगली होती. कसली म्हणून विचारलं की ती सगळी हकीकत सांगायची, कोअर सरकल्यापासून.

हौसाक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुकान कांचन चालवते. तिच्याकडंही आता पडद्यावर आकडे दिसतात. मागच्या महिन्यात माझं तेच इंजिन पुन्हा उघडावं लागलं, आतले सील झिजले होते. रोटर, शाफ्ट, चाक असा सगळा संसार मी कांचनकडं नेला. इचलकरंजीचा एक तरुण मालक आधीच बसला होता. तो दाराकडं बोट दाखवत म्हणाला, "ताई, ही पुडी कसली?"

"आमच्या आत्तींची चूक हाय ती," कांचन सासूबद्दल सहज म्हणाली. "तुमचा जॉब हितं ठेवा. हिच्याखाली."

मग तिनं माझं चाक घेतलं, कडेची दोन फुलं अंगठ्यानं पुसली आणि संच मशीनवर चढवला. काही काढावं लागलं नाही, काही घालावंही लागलं नाही.

इंजिन घोडीवर चढलं त्या सकाळी मी कांचनला निरोप दिला नव्हता. तरी ती आली. पन्नाशी उलटलेली बाई, चष्मा दोरीनं बांधलेला. तिनं पदर खोचला आणि चाकाच्या रेषेत जाऊन उभी राहिली. अॅक्सिलरेटरची तार माझ्या हातात होती. ती मागं भिंतीपर्यंत पुरत होती.

मी भिंतीकडं गेलो नाही. कांचनच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि तार ओढली.